पाच आणि थोडं

आपल्याकडे मोटारगाडीचे दोनच गुण मानलेले आहेत. एक ॲव्हरेज आणि दुसरा पिकप. पैसे देणारा बाप पहिल्याची चौकशी करतो, चालवणारा मुलगा दुसऱ्याची. शोरूममधला तरुण दोघांनाही हवं ते उत्तर देतो, कारण गाडी त्याला एकच विकायची असते. या दोन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर ज्या एका आकड्यात असतं, तो आकडा मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर त्या तरुणाला आत जाऊन साहेबांना विचारावं लागेल आणि साहेब जेवायला गेलेले असतील.

मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाडीत तो आकडा दोन चाकांच्या मधोमध, ॲक्सलच्या गोल फुगवट्यात, काळ्या वंगणात बुडून बसलेला असतो. आत एक मोठं दातेरी चक्र असतं, ते क्राऊन. त्याला फिरवणारं छोटं, ते पिनियन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की जो भागाकार येतो, तो त्या गाडीचा स्वभाव. भागाकार मोठा असेल तर गाडी ओढते जोरात आणि पळते बेताची. लहान असेल तर पळते लांब, पण उठताना कण्हते. इतकंच गणित आहे. चौथीच्या पुढचं नाही. पण या भागाकाराने माझ्या भाच्याची झोप, आमच्या अंगणाची शांतता आणि गावातल्या निम्म्या पुरुषांची दुपार खाल्ली.

भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत. त्याने हौसेने एक जुनी महिंद्रा जीप घेतली. त्याच्या सोसायटीने तिला पार्किंग नाकारलं, म्हणून ती आमच्याकडे आली. मग कंपनीने त्याला घरून काम करायला सांगितलं. कोणाच्या घरून ते सांगितलं नव्हतं, म्हणून जीपच्या मागोमाग तोही आला. आमचं घर चोरखमाऱ्याला.

चोरखमारा म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात. एका अंगाला मोठा तलाव, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल, आणि जंगलात शिरायचं एक गेट आमच्याकडे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी अशी बाकीची गेटं आहेत, पण आमच्या गेटवर आम्हाला अभिमान आहे, कारण ते आमचं आहे. पहाटे तिथं जिप्स्यांची रांग लागते. त्यांत अंगभर स्वेटर, कानटोपी आणि गळ्यात दुर्बीण घातलेले लोक बसतात आणि आत जातात. आत वेगाची मर्यादा ताशी २० किलोमीटर.

हे वाक्य नीट लक्षात ठेवावं. भाच्याने ते कधीच ठेवलं नाही. ज्या गावात गाडी पळवण्याची जागा म्हणजे तलावाची पाळ, आणि पाळ संपली की ताशी २० ची पाटी, तिथं या मुलाने मागच्या ॲक्सलचा रेशो बदलून जीपला ‘परफॉर्मन्स कार’ करायचं ठरवलं.

त्याचं सगळं ज्ञान अमेरिकेचं होतं. तिथं म्हणे १९६० च्या दशकात गाडीची ऑर्डर देतानाच फॉर्मवर मागच्या ॲक्सलचा रेशो निवडता येत असे. ३.०८ घ्या, ३.५५ घ्या, ३.७३ घ्या, ४.१० घ्या, अगदीच अंगात आलं असेल तर ४.५६ घ्या. ३.०८ वाला माणूस लांबच्या रस्त्याने मजेत जायचा. ४.१० वाला सिग्नलवर शेजारच्या गाडीकडे बघून हसायचा आणि दिवा हिरवा झाला की दिसेनासा व्हायचा. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ही त्यांची शर्यत. तेवढ्या अंतरात जो पुढे तो शूर. त्यानंतर त्याचं इंजिन किंचाळत असे आणि पेट्रोलचा काटा खाली पडत असे, पण तिकडे तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं आणि शूरपणा महाग.

“मामा,” भाचा म्हणायचा, “३.७३ म्हणजे सुवर्णमध्य. स्ट्रीटवर पण चालते, स्ट्रिपवर पण.”

चोरखमाऱ्यात स्ट्रीट एक आहे. स्ट्रिप औषधाच्या दुकानात मिळते.

आता मूळ प्रश्न असा की आपल्याला कुठं जायचंय हे ठरवण्याआधी आपण कुठं आहोत हे कळायला हवं. जुन्या जीपच्या पोटात कोणता रेशो आहे हे कागदपत्रांवर विसंबून सांगता येत नाही. तीस-पस्तीस वर्षांत तिच्या पोटात कोणीही काहीही घातलेलं असू शकतं. या जीपांमध्ये प्रामुख्याने ५.३८, ४.८८ आणि ४.२७ असे आकडे सापडतात. यांतला आपला कोणता, हे ॲक्सल न उघडता शोधायची एक साधी रीत आहे. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं, गिअर न्यूट्रल. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करायची. मग चाक हाताने बरोबर दोनदा फिरवायचं आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. डिफरेन्शियलच्या करामतीमुळे एकट्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्टचे जेवढे फेरे, तेवढा रेशो.

आमच्या अंगणात हा प्रयोग झाला तेव्हा भाचा चाकाशी होता. जीपखाली एक शेजारी खडूची खूण बघत उताणा पडला होता. मोजायला निवृत्त गुरुजी होते, कारण गावात मोजणी म्हटली की गुरुजी लागतात. पंच म्हणून येणारे-जाणारे थांबले, ते थांबलेच.

चाक दोनदा फिरलं.

“पाच,” जीपखालून आवाज आला.

“बरोबर पाच?” भाच्याने विचारलं.

“पाच अन् थोडं.”

“थोडं जास्त की थोडं कमी?”

सगळा खेळ इथं येऊन अडकतो. ४.८८ म्हणजे पाचाला थोडं कमी, ५.३८ म्हणजे पाचाला थोडं जास्त. दोन्हींत अर्ध्या फेऱ्याचा फरक आणि दोन निराळ्या गाड्या. जीपखालच्या माणसाचं म्हणणं थोडं जास्त. उभ्या असलेल्या एका जाणत्याचं म्हणणं थोडं कमी, आणि तो जीपखाली वाकलाही नव्हता. गुरुजींनी पुन्हा मोजणी लावली. या वेळी चाक दोन फेऱ्यांच्या किंचित पुढे गेलं, असा आक्षेप आला. तिसऱ्यांदा चाक बरोबर थांबलं, पण शाफ्टवरची खूण कोणाच्या तरी कोपराने पुसली गेली होती. तोपर्यंत अंगणात दोन पक्ष झाले होते, कमीवाले आणि जास्तवाले, आणि त्यांची विभागणी साधारण मागच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीप्रमाणे झाली होती. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, ओट्यावर मोहफुलं निवडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, “चाक फिरून राहिलं ना? मंग बिघडलं काय?”

शेवटी दहा फेरे फिरवायचं ठरलं, म्हणजे फरक पाचपट होऊन उघडा पडेल. ही गुरुजींची सूचना, आणि मला ती त्या दिवसातली एकमेव शास्त्रीय गोष्ट वाटली. चाकाच्या दहा फेऱ्यांत शाफ्ट सत्तावीसच्या जरा अलीकडे थांबला. सत्तावीस भागिले पाच. पाच पूर्णांक चार दशांशाच्या आसपास. म्हणजे ५.३८, जास्तवाले जिंकले. कमीवाल्यांनी फेरमोजणीची मागणी केली आणि चहा घेऊन गेले.

५.३८ या आकड्याचं घराणं सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी जी जीप केली, तिचा रेशो ४.८८, म्हणजे ३९ दातांचं क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन. युद्ध संपलं तशी कंपनीला गिऱ्हाइकाची चिंता पडली. तिने तीच जीप १९४५ मध्ये शेतकऱ्यांना विकायला काढली, नांगर ओढायला, गाडा ओढायला, आणि रेशो केला ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. शिपायाला पळायचं होतं, शेतकऱ्याला ओढायचं होतं. फरक ४ दातांचा.

आपल्याकडे १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली, आणि १९४७ पासून मुंबईत विलीज जीपा जोडायला सुरुवात झाली. त्यांतले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. जीप मात्र इथंच राहिली आणि ग्रामसेवकापासून फौजदारापर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली आली. आजही आमच्या भागात साहेब आले म्हणजे जीप आली, मग साहेब कशातूनही येवोत.

या ४३ आणि ८ मध्ये आणखी एक गंमत आहे. सरळ ४० आणि ८ का नाही केले, भागाकार स्वच्छ पाच आला असता, आमचं अंगणही दुभंगलं नसतं? तर ४० ला ८ ने भाग जातो. त्यामुळे पिनियनचा एकच दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांना भेटत राहिला असता. एखादा दात खराब निघाला की त्या पाचांचंच वाटोळं. ४३ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो, आणि त्याच दाताशी पुन्हा गाठ पडायला पिनियनच्या ४३ फेऱ्या लागतात. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. गावातल्या काही भाऊबंदक्यांना हा हिशेब कळला असता तर तिरोड्याच्या कोर्टातली गर्दी कमी झाली असती.

भाच्याला हे इतिहास-भूगोल नको होते. त्याला वेग हवा होता, आणि त्याने वहीत कोष्टक मांडलं होतं. जीपच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. टॉप गिअर थेट, एकास एक. इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर ५.३८ ला ताशी ७५ किलोमीटर, ४.८८ ला ८३, ४.२७ ला जवळपास ९५ आणि ३.७३ ला १०८. इंजिन तेच, घाम तेवढाच, वेग ३३ ने जास्त. बघा मामा, फुकट.

फुकट हा शब्द ऐकला की मला गाडीच्या समोरचा भाग आठवतो. जीपचं तोंड म्हणजे उभी भिंत. ७५ च्या पुढे ती इंजिनाशी कमी आणि वाऱ्याशी जास्त झुंजते. रेशो लहान केला की चाकापर्यंत पोचणारी ओढ त्याच प्रमाणात घटते, मग टॉप गिअरमध्ये वारा जिंकतो, आणि माणूस मुकाट्याने तिसऱ्यात उतरतो. म्हणजे १०८ वहीत राहतात आणि रस्त्यावर तिसरा गिअर राहतो. ज्या अमेरिकनांनी ३.७३ आणि ४.१० च्या पोथ्या लिहिल्या, त्यांच्या बॉनेटखाली पाच-सहा लिटरची इंजिनं होती. आपल्या जीपचं डिझेल इंजिन त्याच्या निम्म्याहून लहान, आणि स्वभावाने वारकरी. चालेल किती तरी, पण धावणार नाही.

तरीही भाचा जीप घेऊन तिरोड्याला गेला, आणि सोबत मला नेलं. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्या वेळी एक जिप्सी उघडून ठेवली होती. नवीन क्राऊन-पिनियन बसवायचं म्हणजे नट आवळून मोकळं होण्याचं काम नसतं. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होते, एक फुटलं की दोन्ही टाकायची. पिनियन किती आत बसवायचं ते कागदाएवढ्या पातळ शिमा घालून-काढून ठरवायचं, दातांमध्ये अगदी केसभर सैलपणा ठेवायचा, आणि मग दात एकमेकांवर कुठं टेकतात ते रंग लावून बघायचं. खूण दाताच्या मधोमध उमटली तर ठीक. काठावर उमटली तर पुन्हा सगळं उघडा. हे चुकलं तर गाडी पळते, पण मागून जन्मभर घुंई घुंई ऐकू येतं.

मिस्त्री खुणेसाठी शेंदूर वापरत होते. तेलात कालवलेला. देवाच्या दुकानातून आणलेली पुडी शेजारीच पडली होती. मारुतीला शेंदूर फासायचं काम इतक्या भक्तिभावाने चाललेलं मी देवळाबाहेर पहिल्यांदाच पाहिलं. विशेष म्हणजे त्या दिवशी शनिवार होता.

भाच्याने वही उघडून सगळं समजावलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकलं, हात चिंधीला पुसले आणि विचारलं, “भाऊ, गाडी पळवाची हाय का ओढवाची हाय?”

“दोन्ही.”

“दोनी नाई होत जी. शंकरपटाची जोडी पायली ना? पटावर जे सेकंदात निंगते, त्या जोडीले तुमी नांगराले जुपता का? अन् नांगराची जोडी पटावर नेली तं लोक हासतेत.”

शंकरपटाचा दाखला आमच्याकडे शेवटचा असतो. त्यानंतर वाद घालत नाहीत. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली, आणि मधल्या सात वर्षांत आमच्याकडचे धुरकरी मोटारींकडे वळले असं माझं निरीक्षण आहे. मोटारींना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या छळाची बातमी बाहेर आली नाही.

“अन् दुसरी गोठ,” मिस्त्री म्हणाले, “मांगची बदलाल तं समोरची बी बदला लागते. फोर बाय फोर हाय ना हे?”

भाच्याच्या वहीत हे पान नव्हतं. अमेरिकेतल्या त्या शूर गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. जीपला पुढेही ॲक्सल असतो आणि त्यातही तसंच क्राऊन-पिनियन. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ ठेवून चारी चाकं जुंपली तर मागची चाकं म्हणतात चला, पुढची म्हणतात थांबा, आणि दोघांच्या मध्ये ट्रान्सफर केस पिळून निघते. म्हणजे खर्च दुप्पट. भाच्याने क्षणभर विचार करून सुचवलं, फोर बाय फोर काढूनच टाकू. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी जिप्सीकडे पाहिलं.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत मूलभूत बदल करायचा नाही, करायचा तर परवानगी घ्यायची. भाच्याचं म्हणणं, त्याच जीपला कंपनीने एकेकाळी दिलेला रेशो घालणं हा बदल कसा? या मुद्द्यावर तो बराच वेळ बोलला. समोर वकील नव्हता, मिस्त्री होते, त्यामुळे निकाल त्याच्या बाजूने लागला.

मी त्याला म्हटलं, पैसे घालवण्याआधी आपल्या गेटवरच्या जिप्सीवाल्यांना तरी विचार. अख्ख्या जिल्ह्यात गाडीच्या ‘परफॉर्मन्स’वर पोट भरणारी माणसं तीच.

जिप्सीचं कौतुक करावं तेवढं थोडं. १९८५ मध्ये आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीएवढं. १९९६ मध्ये १३०० चं आलं. सैन्याने घेतली, पोलिसांनी घेतली, आणि आता सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद होऊनही जंगलात तीच राज्य करते, कारण पेट्रोलचं इंजिन गप्प असतं. सुझुकीच्या या घराण्यात मागच्या ॲक्सलचे दोन आकडे प्रसिद्ध आहेत, छोट्या इंजिनाला ४.११ आणि १३०० ला ३.७३. भाच्याचा सुवर्णमध्य! तो हरखला. पण जिप्सीत मध्ये आणखी एक गिअरपेटी असते, ती हाय रेंजलासुद्धा १.४०९ ने भागते. त्यामुळे ३.७३ हा आकडा अमेरिकेत सिंह आणि जिप्सीत बैल. नुसत्या ॲक्सलचा आकडा सांगणं म्हणजे अर्धी पत्रिका दाखवणं.

गेटवर एक जुने चालक आहेत. भाच्याने त्यांच्या जिप्सीचा हिशेब त्यांच्यासमोरच मांडला. ३.७३ धरलं, चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर लो रेंज पहिल्या गिअरमध्ये सगळं मिळून भागाकार जातो ३१ च्या आसपास. इंजिन नुसतं ८०० फेऱ्यांवर घुटमळत असलं तरी गाडी ताशी सव्वातीन किलोमीटरने चालते. माणूस चालतो त्याहूनही हळू. आणि हाय रेंज दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० ला इंजिन सुमारे १६०० फेऱ्यांवर असतं. “म्हणजे तुमची गाडी जंगलाच्या स्पीड लिमिटसाठीच ट्यून केलेली आहे!” भाचा म्हणाला.

“असन,” चालक म्हणाले. “मी तं दुसऱ्यात ठेवतो अन् कानानं ऐकतो. चितळ कोकलला का बंद करतो.”

“बंद?”

“इंजन बंद. मंग आयकू येते. आमचा परफॉरमन्स म्हन्जे इस्टार्टर. वाघ समोर बसला अन् उठला, तं पयल्या सेल्फले चालू झाली पायजे. ना झाली तं मंग तुमचा रेशो काय कामाचा?” मग जरा थांबून म्हणाले, “अन् रिव्हर्स.”

रिव्हर्सचा मुद्दा मला फार भावला. रेशोवर एवढं वाङ्मय आहे, पण रिव्हर्सचं नाव त्यात मी ऐकलं नाही. वास्तविक मागचा ॲक्सल पुढे जाताना जो भागाकार करतो तोच मागे येताना. अरुंद वाटेवर वळणानंतर रानगवा आडवा उभा असतो, शांत, एक टन वजनाचा, कुठंही जायची घाई नसलेला. त्या वेळी सहा पर्यटक, एक गाइड आणि आठ कॅमेरे घेऊन चढावर उलटं, हळू, क्लच न जाळता आणि किंचाळी न ऐकू देता मागे येणं, याला मी स्ट्रीट परफॉर्मन्स म्हणतो. पाव मैलाची शर्यत त्यापुढे काहीच नाही, तीत समोर फक्त दिवा असतो.

आणि वेगाचंच म्हणाल तर याच नागझिऱ्यातून जय नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात चालत गेला होता. शंभरावर किलोमीटर, वाटेत शेतं, रस्ते, नद्या. त्याला ना हाय रेंज होती ना लो. जिप्स्या त्याला बघायला पुढे तिकडे रांगा लावू लागल्या.

गेटवरच आणखी एक गिऱ्हाईक भेटलं. नागपूरहून नवीकोरी थार घेऊन आलेला तरुण. त्याने भलेथोरले टायर लावले होते. भाच्याने त्याला तिथल्या तिथं सांगितलं की टायर मोठा केला म्हणजे न विचारता रेशो बदलला. जिप्सीच्या चाकाऐवजी ३१ इंची लावलं तर ३.७३ चा परिणाम ३.१७ इतका उरतो. ओढ गेली, आणि वर स्पीडोमीटर खोटं बोलतो. त्याला वाटतं जुनंच चाक आहे. काटा २० दाखवतो तेव्हा गाडी साडेतेवीसवर असते. थारवाला तरुण काळजीत पडला. शेजारी उभ्या वनरक्षकाने फक्त वही काढून काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळलं नाही, पण त्यानंतर तो प्रत्येक गाडीच्या टायरकडे बघू लागला.

हे सगळं ऐकून-बघून भाच्याने काय करावं? त्याने ४.२७ बसवलं. पुढे आणि मागे. ३.७३ वरून तो ४.२७ वर आला, यालाच तो परिपक्वता म्हणत होता. जोडी तिरोड्यातच मिळाली, वापरलेली पण चांगली. मिस्त्रींनी शेंदूर लावून खूण दाखवली, अगदी मधोमध. जीप घुंई न करता निघाली. साकोलीपर्यंत जाऊन महामार्गाला लागलं की नागपूर सरळ पडतं, तिथं भाच्याने ९० गाठले आणि मला फोन लावला. वाऱ्याच्या आवाजात त्याचं काही ऐकू आलं नाही, पण तो आनंदात असावा.

मग पाऊस आला, रोवणी सुरू झाली. आमच्याकडे धान. पऱ्हे उपटून बांध्यांपर्यंत न्यायचे, चिखलातून, बांधावरून, आणि माणसं न्यायची, त्यांचा स्वयंपाक न्यायचा. दरवर्षी या जीपसारख्या कुठल्याशा जीपने हे काम बिनतक्रार केलेलं. ४.२७ मुळे ओढ पाचव्या हिश्श्याने घटली होती. पहिल्याच चढणीला, मागे पऱ्ह्यांच्या जुड्या आणि त्यांच्यावर सहा बाया बसलेल्या असताना, क्लचचा वास आला. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. बाया उतरल्या. जीप चढली. बाया पुन्हा बसल्या. पुढच्या बांधाला पुन्हा उतरल्या. त्यातली एक म्हणाली की असं असेल तर आम्ही पायीच बऱ्या, निदान बसायचं-उतरायचं कष्ट नाही.

आजीने वेगळाच प्रश्न काढला. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात. गावोगाव मंडई, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक, पहाटे परत. एका जीपमध्ये किती माणसं बसतात याचा आमच्याकडचा आकडा आरटीओला सांगण्यासारखा नाही. “मंडईले हे एवडे लोक ओढन का रे बाबू?” आजीने विचारलं. भाच्याने वही उघडली आणि मिटली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “मामा, टायर लहान केले तर?” हिशेब त्याने केलेला होताच. लहान चाक म्हणजे मोठा रेशो. ४.२७ ला ५.३८ सारखं वागायला लावायचं तर घेर सव्वादोन मीटरवरून पावणेदोनच्या जरा वर आणायचा, म्हणजे साधारण छोट्या मोटारीचं १३ इंची चाक. मी डोळ्यांपुढे तशी जीप आणून पाहिली. ती चिखलात पोटावर बसली होती.

मग आम्ही पुन्हा तिरोड्याला गेलो. भाच्याने जरा आडून विचारलं, “मिस्त्री, माझी जुनी आठ-त्रेचाळीसची जोडी आहे ना तुमच्याकडे?”

“हाय तं. म्हन्जे होती. लागून गेली.”

“कोणाच्या गाडीला?”

“गोरेगावच्या एका भाऊच्या. त्याचीच तं चार-सत्तावीस तुमाले लावली ना. त्याले धान काहाडताना ओढच नोती. आता लय खुश हाय तो.”

“तो परत बदलून देईल का?”

मिस्त्रींनी हात चिंधीला पुसले, जरा विचार केला.

“त्याच्या पोरीले नागपूरचा पोरगा पाहून राहिले,” ते म्हणाले. “जमलं तं जानं-येनं वाढन. मंग त्याले पळवाची पायजे. मी सांगतो तुमाले.”